कुंकवाखालचा दिवा

कल्पना करा, तुमच्या मांडीवर एक नवा, पातळ लॅपटॉप आहे. त्याच्या कडेला दोनच भोकं आहेत, दोन्ही चिंचोक्याएवढी. समोर लोखंडी पॅनेल उभं आहे. त्यातल्या वीस वर्षं जुन्या कंट्रोलरला नऊ पिनांचं रुंद तोंड आहे, दोन्ही बाजूंना स्क्रूची जागा असलेलं. ह्या दोघांना एकमेकांशी बोलायला लावायचं आहे. तुमच्याकडे पिशवीभर वायरी आहेत आणि दोन तास चाळीस मिनिटं आहेत. चार मोटरी घुमताहेत, पत्र्याचं छत तापलंय आणि मागून कुणीतरी तिसऱ्यांदा विचारतंय, "व्हई ना बेटा?"

शबानाने मागे न बघता पिशवीची गाठ सोडायला घेतली.

कोरीटच्या शिवारात, तापीच्या काठावर हे पंप हाउस आहे. चाळीस शेतकऱ्यांची पाणी संस्था. नदीचं पाणी उचलायचं आणि तीन किलोमीटर पाइपातून केळीला, उसाला पोचवायचं. कुठली मोटर आधी सुरू करायची, कुठला व्हॉल्व्ह किती सेकंदांनी उघडायचा, हे सगळं त्या कंट्रोलरच्या पोटातला प्रोग्राम ठरवतो. हाताने चालवायचा प्रयत्न एकदाच झाला होता. व्हॉल्व्ह उघडायला उशीर झाला, पाण्याचा दाब अंगावर उलटला, पाइप फुटला आणि पंप चालवणाऱ्या रूपचंदकाकांच्या डाव्या पायाचं हाड मोडलं. ते अजून लंगडतात. त्यानंतर हाताने चालवायचं नाव कुणी काढलं नाही.

आता तो प्रोग्राम मरणाला टेकला होता. तो राहतो जुन्या पद्धतीच्या मेमरीत. वीज असेपर्यंत टिकतो, वीज गेली की बोटाच्या पेराएवढी एक बॅटरी त्याला सांभाळते. बॅटरी संपत आली की कंट्रोलरवर मुगाएवढा लाल दिवा लागतो. तो दिवा लागला होता. किती दिवसांपूर्वी, ते कुणालाच सांगता येत नव्हतं, कारण त्यावर कुंकू होतं.

"दसराले मीच लावं व्हतं," रूपचंदकाका म्हणाले. "दरसाल लावस. मशीनना कपाळवर लावाले नको? कपाळ सोडीसन पायले लावसू का?"

दसऱ्याला पॅनेल पुसायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा आणि पॅनेलच्या मधोमध हळद-कुंकवाचं बोट टेकवायचं. मधोमध कंट्रोलर होता. बोट बरोबर दिव्यावर पडलं. तेलात कालवलेलं कुंकू घट्ट बसलं आणि मे महिना उजाडला तरी लालाखाली लाल कुणाला दिसलं नाही. सोमवारी संस्थेचा सेक्रेटरी हेमकांत कपडा घेऊन पॅनेल पुसायला गेला तेव्हा कुंकवामागून उजेड आला. त्याने फोटो काढून शबानाला पाठवला. खाली लिहिलं, 'ताई, हा कसला दिवा? काल लाइट गेली होती, त्यानंतर मशीनचं घड्याळ एक जानेवारी दाखवतंय.'

शबानाने फोटो पाहिला आणि हातातला प्रिंटर तसाच उघडा ठेवून फोन लावला.

"हेमकांतभाऊ, मेन स्विचला हात लावू नका. कुणालाच लावू देऊ नका."

बॅटरी नंदुरबारात नव्हती. सुरतेहून मागवली, ती शुक्रवारी गाडीने येणार होती. आणि बुधवारी, म्हणजे आज, पावसाळ्याआधीच्या कामासाठी फीडर, म्हणजे इकडे येणारी विजेची लाइन, बंद राहणार होता. दोन ते पाच. घड्याळ एक जानेवारीला गेलं, त्याचा अर्थ शबानाच्या दृष्टीने सरळ होता. रविवारच्या दहा मिनिटांच्या अंधारात बॅटरीने घड्याळ सोडलं. तीन तासांच्या अंधारात ती प्रोग्रामही सोडेल. तो ज्या इंजिनिअरने लिहिला त्याचा पत्ता नव्हता, कागद नव्हता, दुसरी प्रत नव्हती. नवा लिहून घ्यायचा तर माणूस शोधण्यापासून सुरुवात. पंधरा दिवस धरा. चव्वेचाळीस डिग्रीत केळी पंधरा दिवस थांबत नाही.

"इन्व्हर्टर लावू ना," हेमकांत सकाळीच म्हणाला होता.

"इन्व्हर्टरवर घ्यायचं तरी एकदा वायर काढून दुसरी जोडावी लागेल. तेवढ्या वेळात प्रोग्राम गेला तर?"

मग एकच वाट उरली. दोनच्या आत प्रोग्राम लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यायचा.

शबाना चौतीस वर्षांची. तिचे वडील, युसुफभाई, नंदुरबारात मोटरी रिवाइंड करायचे. तांब्याच्या तारेच्या वासात ती मोठी झाली, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि वडिलांच्याच दुकानाच्या पुढच्या भागात लॅपटॉप, प्रिंटर आणि मिरची मार्केटमधल्या वजनकाट्यांचे डिस्प्ले दुरुस्त करू लागली. तिच्या टेबलाला सहा खण आहेत आणि सहाही जुन्या वायरींनी भरलेले. पंचवीस पिनांचा प्रिंटरचा प्लग, गोल तोंडाचा कीबोर्ड, जुन्या लॅपटॉपच्या कडेला सरकवायची कार्डं. गिऱ्हाइकं हसतात. युसुफभाईसुद्धा म्हणतात, "बेटी, दुकान आहे का भंगारवाल्याचं गोदाम?" ती काही टाकत नाही. जुनं यंत्र बंद पडत नाही, त्याला ऐकणारं कोणी उरत नाही, असं तिचं म्हणणं.

सकाळी निघताना युसुफभाईंनी मात्र चेष्टा केली नव्हती. "हात लावायच्या आधी विचार कर," ते म्हणाले. "मशीन बिघडलेलं असतं वर्षभर. पण शेवटचा हात ज्याचा, नाव त्याचं."

तिला ते पंप हाउसमध्ये बसल्यावर जास्त ऐकू येत होतं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी तिने पहिली पिशवी उघडली. तिचा भरवसा एका कार्डावर होता. जुन्या लॅपटॉपच्या खाचेत बसणारं, ज्याच्या टोकाला खरंखुरं नऊ पिनांचं पोर्ट होतं. ते कार्ड बसणारा तिचा जुना लॅपटॉप मागच्या वर्षी मदरबोर्ड जळून गेला. पण सुरतेच्या बाजारात तिला एक डबी मिळाली होती. कार्ड डबीत घाला, डबीची वायर नव्या लॅपटॉपला लावा. डबी तिने अजून वापरून पाहिली नव्हती.

तिने लावली. डबीचा हिरवा दिवा लागला. लॅपटॉपवर काहीच आलं नाही.

कार्ड काढलं, पुसलं, परत घातलं. काही नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला. अकरा पन्नास झाले. मग तिने कार्ड उलटं करून बारीक अक्षरं वाचली आणि मान खाली घातली.

"काय झालं?" हेमकांतने विचारलं.

"त्या खाचेत दोन रस्ते असतात, भाऊ. काही कार्डं यूएसबीच्या रस्त्याने बोलतात, काही थेट मदरबोर्डच्या रस्त्याने. माझं कार्ड दुसऱ्या रस्त्याचं. ह्या डबीत तो रस्ताच नाही."

"म्हणजे डबी नकली?"

"डबी खरी आहे. मी न तपासता आणली."

तिने डबी पिशवीत टाकली. अर्धा तास गेला होता आणि सर्वांत भरवशाची वस्तू गेली होती. उरली एक निळी वायर. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला नऊ पिना, आणि मध्ये त्या दोघांत दुभाष्याचं काम करणारी चिप. यूएसबीचं टोक जुन्या रुंद तोंडाचं, म्हणून त्याला आणखी एक छोटा जोड लावावा लागला. एका भोकात हे लटांबर, दुसऱ्यात चार्जर. लॅपटॉपचं सगळं तोंड भरलं.

ह्या वेळी लॅपटॉपला वायर दिसली. नावासमोर पिवळा त्रिकोण होता.

चिप डुप्लिकेट होती. चिप बनवणाऱ्यांनी नव्या ड्रायव्हरमध्ये नकली चिप ओळखून तिच्याशी बोलणंच बंद करायची सोय केलेली. शबानाला हे माहीत होतं. तिच्या लॅपटॉपमध्ये 'जुने ड्रायव्हर' नावाचं फोल्डर होतं, खणांसारखंच गच्च. तिने त्यातला सोळा वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर काढला, हाताने निवडून बसवला. त्रिकोण गेला. हेमकांतने श्वास सोडला. दोन मिनिटांत लॅपटॉपने स्वतःच्या शहाणपणाने परत नवा ड्रायव्हर घातला आणि त्रिकोण परत आला.

"मोबाइलचं नेट बंद करा," ती म्हणाली. "ह्याला बाहेरचं काही कळायला नको."

नेट तोडलं, जुना ड्रायव्हर पुन्हा घातला, तो टिकला. लॅपटॉपने त्या पोर्टला अकरा नंबर दिला. कंट्रोलरचं सॉफ्टवेअर इतकं जुनं की त्याला चारच्या पुढे मोजता येत नव्हतं. तिने नंबर बदलून दोन केला. मग नऊ पिनांचं टोक कंट्रोलरच्या तोंडात बसवलं आणि जोडणीचं बटण दाबलं.

उत्तर नाही.

पुन्हा. उत्तर नाही. वेग बदलला. उत्तर नाही. बारा पंचेचाळीस.

रूपचंदकाका पायरीवर बसून कपाळ पुसत होते. काकांच्या दोन एकर केळीचे घड ह्याच महिन्यात भरायचे होते. कुंकू आपण लावलं, हे ते सकाळपासून चार जणांना सांगून मोकळे झाले होते, कुणी विचारलं नव्हतं तरी.

"काका," तिने विचारलं, "तो इंजिनिअर आला होता तेव्हा त्याने कुठली वायर लावली होती? आठवतं?"

"काळी व्हती. जाड."

"कुठे गेली?"

काकांनी पायरीवरून हात लांब केला. पंप हाउसच्या मागे, त्यांच्या खोलीपासून कडुलिंबापर्यंत, साड्या वाळत घातलेली दोरी होती. शबाना उन्हात गेली. दोरी काळी, जाड आणि रबराची होती. एक टोक कापून खुंटीला पिळलेलं. दुसऱ्या टोकाला, लिंबाच्या फांदीत अडकवलेला, पांढरा पडलेला नऊ पिनांचा प्लग.

"साहेब गया, वायर ऱ्हायनी," काका मागून म्हणाले. "मजबूत शे, म्हणीसन बांधी टाकी."

शबानाने साड्या बाजूला करून गाठ सोडायला घेतली तशा खोलीतून वत्सलाबाई बाहेर आल्या.

"आते मन्ह्या साड्या कोठे वाळाडू?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुन्हा डोकावर?"

"टाक माय, डोकावर टाक. आज काय बी टाक."

प्लगचे स्क्रू गंजले होते. शबानाने पकडीने टोपण फोडलं. आत वायरी कशा जोडल्यात ते उन्हात धरून पाहिलं, मल्टिमीटर लावून पुन्हा पाहिलं. दोन, तीन आणि पाच नंबरच्या पिनांना वायरी होत्या, त्या तिच्या वायरीतही होत्या. पण इथे सात आणि आठ नंबरच्या पिनांत बोटाच्या नखाएवढी तार टाकून त्या एकमेकींना जोडलेल्या होत्या.

ती धावतच आत आली. "हा कंट्रोलर समोरच्याने 'मी तयार आहे' म्हटल्याशिवाय तोंड उघडत नाही. माझी वायर ते म्हणत नाही. त्या इंजिनिअरने ह्याचं ह्यालाच म्हणायला लावलंय."

"म्हणजे?" हेमकांत.

"म्हणजे दोन टाके. सोल्डरिंग गन कुठे लावू?"

तिचा हात सहसा चुकत नाही. त्या दिवशी पहिला टाका सहाव्या पिनेवर गेला. तो उपसून परत घालण्यात सात मिनिटं गेली. एक सत्तावीसला तिने टोक पुन्हा बसवलं, बटण दाबलं, आणि स्क्रीनवर कंट्रोलरचं नाव आलं. नुसतं नाव आणि चार आकडे. हेमकांतने टाळीसाठी हात वर केला, तिने बघितलं नाही म्हणून स्वतःच्याच मांडीवर मारला.

आता दोन चिन्हं समोर होती. दोन्हींत एक लॅपटॉप, एक मशीन आणि मध्ये बाण. एका चिन्हात बाण मशीनकडून लॅपटॉपकडे, दुसऱ्यात लॅपटॉपकडून मशीनकडे. लॅपटॉपमध्ये ह्या क्षणी कोरं पान होतं. चुकीचा बाण दाबला तर ते कोरं पान मशीनमध्ये जाऊन बसेल, आणि दोन वाजायची वाट बघायची गरज उरणार नाही.

"ह्याच्यावर दाबा ना," म्हणत हेमकांतने बोट पुढे केलं. तिने त्याचं मनगट धरलं.

"कुणी हात लावू नका. तुम्हीसुद्धा."

"बरं बाई," तो मागे सरला. "घरात बायको, इथे तुम्ही."

तिने बाण तीनदा वाचला. पहिला दाबला. मोटरींच्या गोंगाटात सिग्नल खराब होऊ नये म्हणून वेग सगळ्यांत कमी ठेवला होता. सहा मिनिटं लागतील, असं सॉफ्टवेअर म्हणत होतं. पट्टी भरू लागली. दहा. वीस. एकेचाळीसवर थांबली आणि लाल अक्षरं आली. प्लग कंट्रोलरच्या तोंडातून केसभर सरकला होता. स्क्रूच्या जागेतले आटे झिजून गेले होते, धरायला काही नव्हतं.

दुसऱ्यांदा टेपने बांधला. मोटरींच्या हादऱ्याने आणि उकाड्याने टेप सुटला. सव्वीसवर जोडणी तुटली.

एक एकोणपन्नास.

"सर बाजूले," रूपचंदकाका म्हणाले. ते लंगडत पॅनेलजवळ आले, उकिडवे बसले आणि दोन बोटांनी प्लग दाबून धरला. "आते लाव."

"काका, सहा मिनिटं हलायचं नाही."

"वीस वरीस याले धरी बठनू. सहा मिनिट काय."

पट्टी पुन्हा शून्यापासून निघाली. पण सॉफ्टवेअर आता सहाऐवजी अकरा मिनिटं सांगत होतं. काही तुकडे दोन-दोनदा मागावे लागत होते. शबानाने हिशेब केला आणि हेमकांतकडे बघितलं. त्याने फोन लावलाच होता. पलीकडे लाइनमन वीरसिंग होता, हेमकांतचा ओळखीचा.

"भाऊ, मी थांबवू शकत नाही," फोनच्या स्पीकरवर त्याचा आवाज आला. "दोन म्हणजे दोन. पोरं खांबाखाली उभी आहेत."

"कुणी वर चढलंय का?"

"बंद झाल्यावरच चढतील ना. आधी चढवू?"

"मग पाच मिनिटं, वीरसिंगभाऊ. कोरीटचं पाणी आहे."

मग वीरसिंग म्हणाला, "साहेबाच्या हातात चहा आहे. गरम आहे. तो संपेपर्यंत जेवढा वेळ जाईल तेवढा जाईल. फुंकर मारायला मी सांगणार नाही."

एक सत्तावन्न. अठ्ठावन्न टक्के. काकांच्या कोपरावरून घाम ठिबकत होता. मोडलेला पाय अवघडून थरथरायला लागला होता, बोटं मात्र तशीच होती. वत्सलाबाई आल्या, नवऱ्याच्या पाठीमागे बसल्या आणि त्यांना स्वतःच्या गुडघ्यांचा टेका दिला.

दोन. एक्याऐंशी. पत्र्याखालचा बल्ब एकदा मंद झाला. बल्ब पुन्हा उजळला.

दोन वाजून दोन मिनिटं. चौऱ्याण्णव.

शंभर झालं तेव्हा तिने आधी फाइल सेव्ह केली. मग मशीनशी ताडून पाहण्याचं बटण दाबलं. तेवढ्यात चारही मोटरी एकदम खाली बसल्या. बल्ब गेला. पंप हाउसमध्ये इतकी शांतता झाली की नदीवरच्या टिटव्या ऐकू आल्या.

"ऊनं का?" काकांनी विचारलं. बोटं अजून प्लगवरच होती.

"आलं. पण ताडून बघायचं राहिलं."

ते तीन तास कुणी घरी गेलं नाही. वत्सलाबाईंनी भाकरी, मिरचीचा ठेचा आणला. शबानाने दोन घास खाल्ले. फाइल आहे, पण पूर्ण आहे का? जे तुकडे दोनदा मागितले ते बरोबर आले का? एखादा आकडा चुकला असेल तर व्हॉल्व्ह उशिरा उघडेल. तिला काकांच्या पायाकडे बघवेना.

पाच वाजून आठ मिनिटांनी वीज आली. कंट्रोलरवर दोन लाल दिवे लागले, एक बॅटरीचा, दुसरा प्रोग्राम नसल्याचा. पोट रिकामं होतं. बॅटरीने हात टेकले होते. शबानाने दुसरा बाण दाबला, काकांनी न सांगता प्लग धरला आणि ह्या वेळी पट्टी एका दमात भरली. तिने घड्याळ लावलं, तारीख घातली.

"काका, मोटर चालू करते. पाइपापासून सगळे लांब."

पहिली मोटर. नऊ सेकंद. व्हॉल्व्हने करकर आवाज केला आणि उघडला. दुसरी. तिसरी. चौथी. पाइपाने नेहमीसारखा एकदा खोकला काढला आणि पाणी गेलं. हेमकांत शेताकडे फोनवर ओरडत होता, "आलं का? आलं का?" आणि शेतातून कुणीतरी आलं म्हणून सांगत होतं. रूपचंदकाका पॅनेलला पाठ लावून खाली बसले.

वायरी गुंडाळून शबाना निघणार तोच चारही मोटरी बंद झाल्या.

वीज होती. बल्ब जळत होता. घड्याळात पाच चाळीस. कुठला तुकडा चुकला? तिने गुंडाळलेली वायर उलगडायला घेतली.

"काय करी ऱ्हायनी?" काकांनी विचारलं. "दम लेस मोटर. रोज लेस या टाइमले. तुले माहीत नही?"

"रोज?"

"पहिला दिवसपाईन. अर्धा तास. गरम व्हस ना."

मोटर गरम होते म्हणून रोज ठरल्या मिनिटाला थांबत नाही. शबानाने लॅपटॉप उघडला आणि प्रोग्राम ओळीओळीने खाली सरकवत गेली. अठ्ठेचाळिसाव्या ओळीवर सापडलं. पाच चाळीस ते सहा दहा, चारही बंद. बाकी काही नाही. नदीची पातळी नाही, तापमान नाही, व्होल्टेज नाही. कारण लिहिलं असलंच तर ते त्या इंजिनिअरच्या कॉम्प्युटरवर राहिलं. मशीनमध्ये नुसते आकडे उतरतात.

"काढून टाका ना, ताई," हेमकांत म्हणाला. "रोज अर्धा तास पाणी वाढेल."

एक ओळ पुसायची. तिचा हात त्या ओळीवर होता.

"काका, तो इंजिनिअर कसा होता?"

"चांगला व्हता. दोन महिना अठेच ऱ्हायना. संध्याकाळले खाल नदीवर जाये." काका आठवत थांबले. "बोलेचालेले कमी."

शबानाने ओळ पुसली नाही. उठून दारात आली. मोटरी थांबल्यामुळे पाणी खेचलं जात नव्हतं आणि एरवी भोवरा धरणारा खालचा डोह हळूहळू सपाट होत होता, कुणालाही उतरता येईल असा. पलीकडच्या काठावर, पाण्यापर्यंत उतरणारी एक जुनी पायवाट दिसत होती.

वीस वर्षांपूर्वी त्या अर्ध्या तासात इथे कोण येत होतं, आणि अजून येतं का?